बारके धक्के झालेले बरे ना?

कोयनेला जमीन हलली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला चार-पाच फोन येतात. चौकशी झाली की ठरलेलं वाक्य: "तीनचाच होता ना? मग चांगलंच की. बारके झाले की जमिनीतला ताण निघून जातो, मोठा येत नाही." मी "हं" म्हणून फोन ठेवतो. परवा भाचीनं सरळच विचारलं, "मामा, यावर तू कधी नीट बोलत का नाहीस?" तर बोलतो.

आधी हिशोब. तीव्रतेचा आकडा एकानं वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते, दोननं वाढला की हजार पट. ११ डिसेंबर १९६७ चा धक्का ६.३ चा धरला, तर तेवढी ऊर्जा निघायला ४.३ चे हजार धक्के लागतील. इतक्या वर्षांत कोयना-वारणा पट्ट्यात चारच्या वरचे झाले दोनशेच्या आसपास. आणि बारके तर १९६७ च्या आधीही होते, धरणात पाणी साठायला लागल्यापासून. त्या सप्टेंबरात पाचच्या वरचाही एक होऊन गेला होता. तरी डिसेंबर आलाच.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो.

गोष्ट २००० सालची. मार्चमध्ये रात्री मोठा बसला होता, पाचच्या वरचा. आमच्या पाटण तालुक्यातल्या जुन्या घराच्या माजघरातली भिंत दगड-मातीची. त्या रात्रीनंतर तिला पोट आलं. मी हात लावून पाहिलं होतं. उन्हाळ्यात उतरवून घेऊ म्हणालो, मग पेरण्या आल्या, मग पाऊस.

आत्या आमच्याकडेच असायची. १९६७ ला तिचं तान्हं पोर गेलं होतं, त्यावर ती कधी बोलली नाही. पण जमीन जरा गुरगुरली की घोंगडं उचलून गोठ्याच्या पत्र्याखाली जाऊन निजायची. सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, ती तशीच बाहेर निजत होती. पाऊस लागून होता, तिला खोकला धरलेला. मी म्हणालो, "आत्या, आत ये. अगं, हे बारके झालेले चांगले असतात, ताण निघून जातो."

ती म्हणाली, "आरं, जिमीन बोलाय लागली की मला आत गप पडवत न्हाई."

"मी शिकलोय ना? माझं ऐक."

तिनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता धक्का बसला. आवाज आधी आला, पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. मी सोप्यातून उठेपर्यंत माजघरात धुरळा भरला होता. भिंत नेमकी पोटातून फुटली होती. आत्या कमरेपासून खाली दगडांत. आम्ही तिघांनी हातानं दगड काढले. कराडच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती मला म्हणत होती, "तू चांगल्यासाठीच म्हणलास." त्यानंतर ती सहा वर्षं जगली, पण चालली नाही.

भाऊ म्हणतो, बाहेर राहिली असती तर न्यूमोनियानं गेली असती. असेल. तो असंही म्हणतो की चूक भिंतीची, तुझ्या वाक्याची नाही. यावर मी वर्षानुवर्षं स्वतःशी भांडलोय. भिंत पडायची ती पडलीच असती, खरं आहे. पण मला लॉगॅरिथम, म्हणजे तीव्रतेच्या आकड्यामागचं हे पटीचं गणित, येत होतं. मी ते कधी करून पाहिलं नाही, कारण ते वाक्य बोलताना मलाही बरं वाटत होतं.

भाची काही वर्षं अमेरिकेत, नेवाडातल्या रिनोला होती. ते अर्धं वाळवंट, तिथं पृथ्वीचं कवच ताणलं जातंय, आणि बारक्या धक्क्यांच्या मालिका येत-जात असतात.  २००८ साली रिनोच्या कडेला फेब्रुवारीअखेर अशीच मालिका सुरू झाली. एप्रिलमध्ये धक्के कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेले आणि २५ एप्रिलला पाचच्या घरातला बसला. तिथले शेजारीही आधी हेच म्हणत होते, असं ती सांगते.

तिचं म्हणणं, बहुतेक मालिका आपोआप विझतात, मग लोकांनी धीर धरला तर तुझं काय जातं? खरंच विझतात. म्हणूनच ते वाक्य टिकलंय. शंभरदा "काही होत नाही" म्हणा, नव्वदच्या वर वेळा तुम्ही बरोबर ठराल, आणि कुणीच परत येऊन विचारणार नाही की कशावरून म्हणालात. मीही त्याआधी कितीदा तरी बरोबर ठरलो होतो.

मोठा येईल असं मी म्हणत नाही. येणार नाही असंही नाही. कोयनेच्याच पट्ट्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, सव्वा किलोमीटरच्या काळ्या खडकाखाली ग्रॅनाइटमध्ये काय चाललंय ते बघायला. तिथून काही हाती लागलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.

तोवर फोनवर माझ्याकडून ते एक वाक्य मागू नका. घरात दगड-मातीची भिंत असेल तर तिला पोट आलंय का ते सांगा. मी रविवारी येऊन बघतो.