शंभर यार्ड आणि एक पोच

शाळेपासून शंभर यार्डांची तंबाखूविक्री-बंदीची हद्द दाखवणारे पिवळे पट्टे भोवतीच्या रस्त्यांवर मारायला रंग लागला दोन लिटर आणि वेळ लागला एका रविवारची सकाळ. ते पट्टे मारू द्यावेत, एवढ्या विनंतीचे एक पानी पत्र एका कार्यालयात दाखल करून घेण्यात मात्र आमचे सहा आठवडे गेले. त्यामुळे या लेखात त्या कार्यालयाने जास्त जागा अडवली, तर वाचकांनी समजून घ्यावे.

मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. गावातील खटकणारी गोष्ट कोणती, असे वर्गाला विचारल्यावर कचरा, मोकाट कुत्री, बंद दिवे अशी ठरलेली उत्तरे आली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, की त्याचा पाचवीतला भाऊ मधल्या सुट्टीत तंबाखू-सुपारीचा मावा खातो आणि तो शाळेमागच्या टपरीवरच मिळतो. वर्गात कोणीही हसले नाही. विषय तिथेच ठरला.

तंबाखूविषयीचा केंद्राचा कायदा २००३ सालचा आहे. त्याच्या कलम ६ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत कोणालाच विकता येत नाहीत. दंड २०० रुपयांपर्यंत. ही रक्कम ऐकून मुले निराश झाली, आणि खरे सांगायचे तर मीही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, हे गणित मात्र त्यांनी आनंदाने केले. रस्सीखेचीचे दोन दोर जोडून, दर पाच मीटरला लाल रिबीन बांधून त्यांनी मोजणी केली. टपरी शाळेच्या फाटकापासून रस्त्याने १३० मीटर भरली आणि मागच्या कुंपणापासून सरळ रेषेत अवघी ३८ मीटर. कोणते अंतर धरायचे यावर वर्गात दोन तट पडले. शेवटी एका मुलीने नियमच शोधून आणला: अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून त्रिज्येप्रमाणे मोजायचे. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते मला पुढे त्या कार्यालयात पुष्कळदा आठवले.

कारण तिथे आवक टेबलावरच्या गृहस्थांनी पहिल्या खेपेला सांगितले, की मुलांच्या सहीचे पत्र घेता येत नाही. दुसऱ्या खेपेला मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र नेले, तर रस्ता आमच्या ताब्यात नाही, बांधकाम खात्याकडे जा, असे उत्तर मिळाले. बांधकाम खात्याने जुनी फाईल काढून दाखवली, की तो रस्ता केव्हाच हस्तांतरित झाला आहे. तिसऱ्या खेपेला रस्ता मान्य झाला; परंतु अंतर फाटकापासून रस्त्याने मोजतात, असा नवा मुद्दा निघाला. त्या मुलीने नियमाची छापील प्रत पुढे केली. गृहस्थांनी ती न वाचताच परत दिली आणि म्हणाले, “बाळ, आधी अभ्यासाकडे लक्ष दे.” मी तिथे आवाज चढवला. ती माझी चूक होती, कारण मुले खाली मान घालून बाहेर आली आणि त्यानंतरचे दोन आठवडे आम्हाला ‘साहेब बैठकीला गेलेत’ याखेरीज काहीही ऐकायला मिळाले नाही. भिंतीवर मात्र ‘तंबाखूमुक्त कार्यालय’ असा फलक होता आणि त्याखालच्या कोपऱ्यात लाल पिचकाऱ्या.

वाट दाखवली ती एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी. ते निवृत्त तलाठी आहेत. परवानगी मिळो न मिळो, पत्र घेऊन पोच देणे हे आवक टेबलाचे कामच आहे, असे त्यांनी मुलांना समजावले. मुलांनी पत्राच्या शेवटी एक ओळ वाढवली: ‘हे पत्र स्वीकारता येत नसल्यास त्याचे कारण कृपया लेखी द्यावे.’ पाच मिनिटांत शिक्का पडला. पुढच्या आठवड्यात परवानगीही आली.

हे करू पाहणाऱ्या शिक्षकांनी पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि स्वतःजवळच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. टपरीवाल्याशी मुलांना एकटे बोलायला पाठवू नये. आमच्या टपरीवाल्याची मुलगी आमच्याच शाळेत आहे आणि तिला वर्गात कोणी बोल लावू नये, याची काळजी कार्यालयापेक्षा अधिक नाजूक होती. त्याच्याशी मुख्याध्यापक स्वतः बोलले. आणखी एक राहिले: शाळेच्या वेळेत मुलांना बाहेर न्यायचे असेल, तर पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. आम्ही ती तिसऱ्या खेपेनंतर, एका आईने फोनवर खडसावल्यावर घेतली.

टपरी अजून तिथेच आहे. पुढे चिक्की आणि पेन टांगलेले असतात. मावा बस स्थानकाकडे गेला, असे मुले सांगतात. स्थानक आमच्या दोराच्या बाहेर आहे.

पट्टे मारून दहा दिवस झाल्यावर त्याच कार्यालयातून फोन आला. अहवालात जोडण्यासाठी त्यांना पट्ट्याची छायाचित्रे हवी होती, शक्यतो मुलांसह. मुलांनी पट्ट्याची दोन छायाचित्रे पाकिटात घातली, स्वतःच्या सहीने पत्र लिहिले, त्याच टेबलावर नेऊन दिले आणि दुसरी प्रत पुढे सरकवून पोच मागितली.