उष्णतेचा झटका आणि एकाच नलिकेतल्या पेशी : माझा अनुभव

रक्त पिणाऱ्या कीटकाला अन्नातूनही ऊब मिळते. ‘एडिस इजिप्ती’ डासाची मादी रक्त प्यायला बसली की मिनिटभरात तिच्या अंगाचं तापमान 22 अंश सेल्सिअसवरून 32 च्या घरात जातं. मग तिच्या पेशी एचएसपी-70 हे उष्णतेच्या झटक्यापासून सांभाळणारं प्रथिन वाढवतात. ते तयार होऊ दिलं नाही तर रक्त नीट पचत नाही आणि अंडीही कमी होतात, असं 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्याहून मोठा झटका बसला तर केंद्रकाचं काय होतं, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

त्यासाठी ‘पॅनस्ट्राँगिलस मेजिस्टस’ची पिल्लं घेतली. हा ढेकणाच्या गणातला, दक्षिण अमेरिकेतला, शागास हा परजीवीमुळे होणारा रोग पसरवणारा कीटक. काही पिल्लं तासभर 40 अंशांवर ठेवली, बाकीची नेहमीच्या तापमानाला. हाताळणी दोन्हीकडे अगदी सारखी, नाहीतर तुलनेला अर्थच उरत नाही.

विच्छेदनाला संयम लागतो. मालपिघी नलिका म्हणजे या कीटकाची उत्सर्जनाची व्यवस्था. रक्तातलं जास्तीचं पाणी त्या बाहेर टाकतात. त्या इतक्या नाजूक की चिमट्याने जरा ओढलं तरी तुटतात. मी त्या सलाइनमध्ये तरंगत ठेवूनच सोडवत गेलो.

पुढे फॉयल्गेन रंजन, म्हणजे फक्त डीएनएला रंग देणारी पद्धत. आम्लामुळे डीएनएतले प्युरीन नावाचे घटक गळतात, ॲल्डिहाइड गट उघडे पडतात आणि रंगहीन शिफ द्रावण तिथे किरमिजी होतं. आम्लात कमी वेळ ठेवलं तर रंग फिका येतो. जास्त ठेवलं तर डीएनएच विरघळू लागतो, म्हणजे पुन्हा फिका. त्यामुळे झटका बसलेल्या आणि न बसलेल्या नलिका एकाच भांड्यात, एकाच वेळी रंगवल्या. हा नियम मी कधीच सैल करणार नाही.

झटका न बसलेल्या केंद्रकांत हेटरोक्रोमॅटिनचा, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या डीएनएचा, गडद ठिपका स्पष्ट दिसत होता. झटका बसलेल्या नलिकेत मात्र एकाला लागून एक असलेल्या पेशीही वेगवेगळ्या वागल्या होत्या. एकीत ठिपका जसाच्या तसा, शेजारणीत तो उसवून पसरलेला. थोड्या अंतरावर केंद्रकाचे गडद तुकडे, म्हणजे ती पेशी ॲपॉप्टोसिसच्या, पेशीने स्वतःच ओढवून घेतलेल्या मृत्यूच्या, वाटेवर. मधूनच एखादं अवाढव्य केंद्रक, बहुधा दोन-तीन केंद्रकं मिळून झालेलं. उष्णता सगळ्यांना सारखीच मिळाली होती, तरी ही तफावत! मी कितीतरी वेळ त्याच नलिकेवरून भिंग सरकवत राहिलो.

म्हणून पूर्ण नलिकेची सरासरी काढायला माझा विरोध आहे. सरासरीत उसवलेलं आणि तुकडे झालेलं केंद्रक एकमेकांत हरवतं. पहिलं कदाचित सावरेल, दुसरं नाही. मी प्रत्येक प्रकार वेगळा मोजतो, आणि मोजताना स्लाइडवरचं लेबल झाकून ठेवतो. आता झटक्यानंतर काही दिवस विसावू दिलेल्या पिल्लांच्या नलिका रंगवायला घेतल्या आहेत. त्यांत उसवलेल्या केंद्रकांचं प्रमाण घटतं का, ते बघायचं आहे.