फ्रँकलिनियाचं आळं

शनिवार, सप्टेंबर. फिलाडेल्फिया.

आज वाट्याला खुरपणी आली. छाटणीला सगळे स्वयंसेवक एका पायावर तयार असतात, खुरपं मात्र कुणाला नको. मला चालतं. खाली बसलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं आयतं कानावर पडतं.

बार्ट्रम्स गार्डन या जुन्या वनस्पती-बागेत आलेला माणूस आधी घराचेच फोटो काढतो. घर आहेच तसं. जॉन बार्ट्रमने १७२८ मध्ये स्कूलकिल नदीकाठची ही शेती घेतली आणि राखाडी दगडाचं हे घर स्वतः राबून उभारलं, पुढे वाढवलं. देवाविषयीची मतं पटली नाहीत म्हणून १७५८ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी त्याला बाहेर काढलं. या गड्याने १७७० मध्ये देव एकच असल्याची ओळ घराच्या दगडातच कोरून ठेवली. हट्टी माणूस. मला आवडतो.

पण 'निसर्गवेडा साधू' असं त्याचं चित्र रंगवतात ते काही पटत नाही. भरल्या घराचा शेतकरी होता तो, आणि बियांचा व्यापारी. लंडनच्या पीटर कॉलिन्सनमार्फत त्याच्या पेट्या विलायतेला जात: एका पेटीत शंभरएक जातींचं बी, किंमत पाच गिनी, म्हणजे तेव्हाची इंग्रजी सोन्याची नाणी. तिकडच्या जमीनदारांच्या बागांत अमेरिकेतली झाडं वाढली ती अशी, रोख पैसे मोजून.

मी खुरपत होते ते आळं फ्रँकलिनियाचं. पांढरी फुलं, मध्ये पिवळे केसर, आणि त्याच फांदीवर पानं लाल व्हायला लागलेली. चहाच्याच कुळातलं झाड. १७६५ मध्ये जॉन आणि त्याचा मुलगा विल्यम यांना अमेरिकेतल्याच जॉर्जियात आल्टामाहा नदीकाठी ते दिसलं. पुढच्या दौऱ्यात विल्यमने बी आणलं. तिथे ते १८०३ नंतर कुणाला दिसलेलं नाही. का संपलं यावर मतं पुष्कळ आहेत. आज जगात जी फ्रँकलिनिया आहेत, ती सगळी बार्ट्रमांनी वाढवलेल्या झाडांच्या वंशातली.

एका बाईंनी विचारलं, "जंगलात कुठे बघायला मिळेल?"

"कुठेच नाही. बागांमध्येच."

त्या बराच वेळ फुलाकडे बघत राहिल्या. मग जरा संकोचून, रोप विकत मिळतं का, असं विचारलं. ऐतिहासिक वास्तूत भाव विचारणं त्यांना बरं वाटेना. म्हटलं, बाई, या घराची चूल त्याच प्रश्नावर पेटत होती! बियांपासून करायचं तर धीर हवा, हेही सांगितलं. या फुलांची बोंडं पिकायला वर्षाहून जास्त लागतं.

त्यांच्या अंगणात पावसाचं पाणी साचतं म्हणे. मग तिथे नका लावू, मुळं कुजतील, उताराची जागा बघा, असं सांगून मी पुढच्या वाफ्याकडे सरकले. दुपारपर्यंत दोन बादल्या तण निघालं.