तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, आवाज आला नव्हता

आवाज आला नव्हता. स्वप्न पडलं नाही, प्रकाश दिसला नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि नेमकं तेच पान समोर आलं, असंही काही घडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागात तुम्हाला तेवढंच हवं असतं.

पूर्ण प्रश्न असा असतो: "तुम्हाला पाचारण झालं हे कळलं कसं? आणि ते देवाकडूनच होतं, तुमचीच इच्छा नव्हती, हे कशावरून?" पाचारण म्हणजे देवाने आपल्या सेवेला बोलावणं. पहिला अर्धा आमच्या ख्रिस्ती मंडळीतली तरुण मुलं विचारतात, दुसरा नातेवाईक. पूर्णवेळ सेवेत आल्यापासून अठरा वर्षं मी पहिल्याचं उत्तर देतेय आणि दुसरा टाळतेय.

शास्त्रापासून सुरुवात करते, कारण तिथे माझी बाजू भक्कम आहे. शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने असलेल्या येशूच्या चरित्रांत, ज्याला 'शिष्य' म्हटलंय त्या ग्रीक शब्दाचा साधा अर्थ शिकणारा. त्या काळात शिकणारा सहसा स्वतःच गुरू शोधत जायचा. इथे उलट आहे. येशू जाता जाता माणसाकडे बघतो आणि 'माझ्यामागे ये' म्हणतो. लेवी जकातीच्या नाक्यावर बसलेला असतो, तो उठतो आणि जातो. मार्कने हे एका ओळीत संपवलंय. लेवीला काय वाटलं, तो रात्रभर जागला का, घरी काय सांगितलं, काही नाही. पाचारणाची खूण म्हणून आतली खळबळ दाखवा, असं तुम्ही मला म्हणता. लेवीकडे कुणी मागितली होती?

आणि 'तुमची गोष्ट दर वेळी थोडी वेगळी असते' असं जे म्हणतात, त्यांनी येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावी. मार्कात तो जाळी सोडून तत्काळ निघतो. लूकमध्ये आधी जाळी फाटतील इतके मासे सापडतात, मग तो येशूच्या पाया पडतो, मग निघतो. योहानात जाळी नाहीत, नाव नाही. त्याचा भाऊ अंद्रिया येशूबरोबर एक दिवस राहून येतो आणि पेत्राला घेऊन जातो. एकाच माणसाचं पाचारण, तीन तऱ्हा. मग माझीच उलटतपासणी का?

हा युक्तिवाद मी वर्षानुवर्षं वापरला आणि तो वाईट नाही. फक्त त्या तिघांनी दुसऱ्याची गोष्ट सांगितली होती. मी माझी सांगत होते, आणि काय गाळायचं ते मला माहीत होतं.

माझी साक्ष, म्हणजे देवाने मला कसं बोलावलं ते लोकांसमोर सांगणं, बारा मिनिटांची होती. पाठ झालेली, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं. एका रात्री मी मार्कचा पहिला अध्याय वाचत होते. 'त्यांनी आपला बाप जब्दी ह्याला मोलकऱ्यांबरोबर नावेत सोडले' इथे, याकोब आणि योहान येशूमागे निघतात तिथे आले आणि पुढे जाता येईना. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पहाटे गुडघ्यांवर आले. सकाळी राजीनामा लिहिला. सगळं सोडलं.

राजीनामा सकाळी लिहिला हे खोटं आहे. सात महिने लागले. साक्षीत सात महिने चांगले दिसत नाहीत. तो पहिला बदल होता आणि तो मी जाणूनबुजून केला. पण तुम्हाला सांगायचं ते हे नाही.

एका संमेलनात शेवटच्या संध्याकाळी मी हीच साक्ष दिली. माझा धाकटा भाऊ मला न्यायला येणार होता, तो लवकर पोहोचला. मला तो बोलता बोलता दिसला. मागच्या भिंतीला टेकून उभा होता, हातात गाडीची किल्ली. त्याने माझी साक्ष कधी ऐकली नव्हती. मी आवाज खाली आणायच्या जागी आणला, थांबायच्या जागी थांबले. लोक रडले. दोन मुली प्रार्थनेसाठी पुढे आल्या. मला बरं वाटलं, हेही कबूल करते. त्याने ऐकलं याचंही बरं वाटलं.

गाडीत तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, त्या रात्री तू वाचत बसली होतीस हे खरंय."

मी म्हटलं, "हो ना."

"मी बाबांची चादर बदलत होतो. ते ओरडत होते. तू उठून दार लावून घेतलंस." थोडं थांबून म्हणाला, "तुझ्या साक्षीत दार नाहीये."

रागाने म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. मी लगेच वचन काढलं असतं. पण तो गाडी चालवत होता आणि समोर बघत होता, एखाद्या हिशेबातली राहिलेली रक्कम सांगावी तसं त्याने सांगितलं. मला ते दार आठवलं. कडी नीट बसत नसे, दोनदा ढकलावं लागायचं. मी दोनदा ढकललं होतं.

बाबांना अर्धांगवायू झाला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आई आधीच गेली होती. भाऊ बावीस वर्षांचा होता आणि त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. रुजू व्हायची तारीख त्याने एकदा पुढे ढकलून घेतली, दुसऱ्यांदा त्यांनी ती दिली नाही. मी प्रशिक्षणाला गेले. बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले.

आता माझी बाजू. मी मुलगी होते म्हणून हा प्रश्न इतका टोकदार झाला. हाच निर्णय भावाने घेतला असता आणि मी घरी राहिले असते, तर तुमच्यातल्या कितीजणांनी त्याला विचारलं असतं की बाबांना कुणावर टाकून आलास? त्याच्या गळ्यात हार पडले असते आणि मी घरी राहिले याची कुणी दखलही घेतली नसती. येशूबरोबर बायकाही फिरत होत्या. लूकने नावं दिलीत: मग्दालिया मरीया, योहान्ना, सुसान्ना. योहान्ना तर गालीलचा शासक हेरोद याच्या कारभाऱ्याची बायको. ती घरदार कशी सांभाळून आली हे तिला विचारल्याची नोंद नाही. तेव्हा हा प्रश्न मला विचारताना तुम्ही आधी स्वतःला एकदा विचारा.

हे सगळं खरं आहे. आणि भावाला मात्र यातलं काहीच लागू होत नाही, कारण त्याने प्रश्न विचारलाच नव्हता.

गाडीतल्या त्या बोलण्यानंतर मी जब्दीची ओळ नव्याने वाचली. मार्क म्हणतो, मोलकरी होते. म्हणजे म्हाताऱ्याला नाव ओढायला माणसं होती. मी त्या मोलकऱ्यांना घट्ट धरून बसले होते, बघा, त्यांनी बापाला एकटं टाकलं नाही! मत्तय तीच गोष्ट सांगतो आणि त्याच्या सांगण्यात मोलकरी नाहीत. बाप आणि नाव, एवढंच. आमच्या घरी मोलकरी नव्हते, भाऊ होता. जब्दीची बायको पुढे येते, मुलांसाठी मानाच्या जागा मागते, वधस्तंभाजवळच्या बायकांतही असते. जब्दी मात्र सबंध नव्या करारात एक शब्द बोलत नाही.

सत्तावीस वर्षांच्या मला विचारलं असतं, तर तिने ताडकन लूकचा नववा अध्याय ऐकवला असता. एक जण म्हणतो, आधी बापाला पुरून येतो. उत्तर येतं, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांस पुरू दे. दुसरा म्हणतो, घरच्यांचा निरोप घेऊन येतो. उत्तर येतं, नांगराला हात घातल्यावर मागे बघणारा देवाच्या राज्याच्या उपयोगाचा नाही. जुन्या करारात एलीया संदेष्ट्याने आपला शिष्य अलीशा याला आईबापांचा निरोप घेऊ दिला होता, अलीशाने बैल कापून औतांच्या लाकडांवर लोकांना जेवण घातलं, मग निघाला. म्हणजे येशू एलीयापेक्षा कडक आहे, हे ती तुम्हाला डोळे चमकवत सांगायची.

मी तिला मार्कचा सातवा अध्याय काढून दाखवते. तिथे येशू काही धार्मिक लोकांवर चिडलाय. हे लोक आईबापांना सांगतात, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी 'कुर्बान' केलंय, देवाला वाहिलंय. आणि मग आईबापांसाठी काही करायला मोकळे राहत नाहीत. देवाचं नाव घेऊन अंग काढून घेणं, त्याला त्याने देवाचं वचन रद्द करणं म्हटलं. या उताऱ्यावर मी अठरा वर्षांत एकदाही संदेश दिलेला नाही. ती म्हणते, दोन्ही वचनं त्याचीच. मी म्हणते, हो, म्हणूनच तू एकच का वाचलंस? ती विचारते, मग परत जा, का गेली नाहीस? इथे मी गप्प बसते.

परत गेले नाही, कारण मला हे काम आवडतं. दवाखान्यात मरणाऱ्या माणसांजवळ बसते, त्यांचे कपडेही बदलते. हो, कळतंय मला ते. प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याचं उत्तरही यातच कुठेतरी आहे: माझी इच्छा होतीच. त्या घरातून मला बाहेर पडायचं होतं. तो वास, ते ओरडणं मला सहन होत नव्हतं. आणि त्याच रात्री ती ओळ वाचताना मला कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखं झालं, तेही खरं. दोन्ही एकाच खोलीत, एकाच बंद दाराआड. मला ती वेगळी काढता येत नाहीत. ज्यांना येतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

ख्रिस्ती इतिहासातही ही गोष्ट नवी नाही. इजिप्तचा संत अँथनी, ज्याच्यापासून वाळवंटातल्या संन्यासाची परंपरा सांगतात, तो इ. स. 270 च्या सुमारास ख्रिस्ती देवळात वचन ऐकून घरदार वाटून मोकळा झाला. अथनेशियसने त्याचं चरित्र लिहिलंय. त्यात एक धाकटी बहीण आहे. तिच्यासाठी त्याने आधी थोडं मागे ठेवलं, मग उद्याची चिंता करू नका हे वचन ऐकून तेही वाटलं, आणि तिला काही विश्वासू कुमारिकांच्या हवाली केलं. सोळाशे वर्षांहून जास्त काळ लोक ते चरित्र वाचतायत. त्यात बहिणीचं नाव नाही.

एका पाळकांनी मला समजावलं होतं की भावालाही पाचारणच होतं, घरी राहण्याचं. धर्मसुधारक मार्टिन ल्युथरने तर आपापल्या घरातलं कामधंद्यातलं कर्तव्य हेच पाचारण मानलं, मठातला साधू त्याहून वरचा नाही म्हणाला. मार्कमध्ये, गरसेकर लोकांच्या प्रदेशात येशूने बरा केलेला माणूस 'मला बरोबर ने' अशी विनवणी करत होता, त्यालाही येशूने नावेत घेतलं नाही, घरी आपल्या माणसांकडे जा म्हणून सांगितलं. मला फार हायसं वाटलं. धावत जाऊन भावाला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "त्या माणसाला निदान कुणीतरी सांगितलं तरी. मला कुणी विचारलं पण नाही."

आता मी साक्ष देते तेव्हा दार सांगते. सात महिनेही सांगते. ती बारा मिनिटांत बसत नाही, म्हणून बोलावणी कमी झालीत. एका आयोजकांनी प्रेमाने विचारलं, ताई, ती जुनी नाही का देता येणार? मुलांना प्रेरणा मिळते. मिळते, नाकारत नाही. पुढे आलेल्या त्या दोघींपैकी एक आज सेवेत आहे. तिच्या घरी कोण राहिलंय, हे मी अजून विचारलेलं नाही.

नवी साक्ष पहिल्यांदा लिहून काढली तेव्हा कागद भावाला वाचायला दिला. त्याने एकदा वाचला, पेन्सिल मागितली. मी लिहिलं होतं, बाबांना उठवून बसवायला दोन माणसं लागत. त्याने वाक्य खोडलं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'लागत. होतो मी एकटा.'