साल टाकू नका

रविवारी दुपारी वाशीला मित्राकडे गेलेलो. साहेबांनी आता घरीच बार थाटलाय, म्हणजे टीव्हीखालच्या कपाटात चार बाटल्या आणि एक शेकर. त्याने व्हिस्की, साखर, बिटर्स म्हणजे कडू अर्काचे थेंब, बर्फ असं करून ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेल बनवलं, मग संत्र्याच्या सालीचा तुकडा लायटरच्या ज्योतीसमोर धरून चिमटला आणि ग्लासवर भस्सकन ठिणग्या उडाल्या. सगळे वा वा करतायत आणि मी म्हणतोय, अरे हे तर आम्ही लोडशेडिंगमध्ये करायचो!

कळव्याच्या घरी मेणबत्ती लागली की आम्हा भावंडांचा हाच धंदा. साल दुमडून ज्योतीवर पिचकारी मारायची, तडतड आवाज, फुकट फटाके, आणि मेणबत्ती विझली की आईचा धपाटा. ज्योत नसेल तर ताईचे डोळे होतेच. सालीतलं तेल पेटतं, त्यात लिमोनिन असतं वगैरे फार नंतर कळलं.

पण तेव्हापासून माझं ठाम मत आहे की दारूत संत्र्याचं खरं काम सालीचंच. रस नकोच. व्होडकात खोक्यातला ज्यूस ओतला की झाला स्क्रूड्रायव्हर, म्हणजे हॉस्पिटलात कुणाला बघायला जाताना नेतो तेच, फक्त पेशंटला चालणार नाही असं. फ्रेंच लोक १८७५पासून क्वांत्रो नावाची संत्र्याची गोड दारू बनवतायत, त्यात गोड आणि कडू संत्र्यांची सालंच वापरतात, रंग बघाल तर एकदम पारदर्शक.

आपलं नागपुरी मात्र या कामाला वैताग, साल इतकी सैल की पीलर लावला तर अख्खी सुटून हातात येते. ते खायलाच बरं. स्टिकरवालं इंपोर्टेड घ्यायचं, जाड सालीचं, आणि आधी गरम पाण्याने घासायचं कारण वर मेण असतं.

बाकी दारूत संत्रं हे आपल्याकडे कुठे नवीन आहे? देशीच्या दुकानात 'एक संत्रा' म्हटलं की कोणी फळ देत नाही. आमच्या चाळीतले एक काका संध्याकाळी आले की तो वास जिन्यातून त्यांच्या आधी वर यायचा, आणि मला खरंच वाटायचं की हे रोज एकटेच संत्री खाऊन येतात, पोरांना एक आणत नाहीत. पन्नाशीच्या आतच गेले, लिव्हर खलास झालेलं. काकूने साड्यांना फॉल-बीडिंग करून दोन पोरं मोठी केली.