नुसते कपडेच तर आहेत

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. नाहीतर या विषयावर बोलणं मी कधीच सोडून दिलं होतं.

प्रश्न एकच, विचारणारे दोन तऱ्हेचे. न खेळणारे विचारतात: गेममधल्या त्या बाहुलीच्या कपड्यांवर खरे पैसे कशाला घालवतेस? त्याने तू जिंकतेस का? आणि खेळणारे विचारतात: विकेनात का कंपन्या ते कपडे, तुला नको तर घेऊ नकोस, त्याने कोणी जिंकत तर नाही ना? पहिल्यांच्या मते मी पैसे उधळते, दुसऱ्यांच्या मते मी उगाच रडते. दोघांचंही शेवटचं वाक्य मात्र अगदी तेच असतं. नुसते कपडेच तर आहेत.

२००६ साली ऑब्लिव्हियन या गेमने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा खेळणाऱ्यांनी त्याची इतकी टर उडवली की आजही कुठे लुबाडणूक दिसली की लोक त्या घोड्याची आठवण काढतात. तो एकट्याने खेळायचा गेम होता. घोडा तुमचा आणि त्याला बघणारेही तुम्हीच. चार वर्षांनी, २०१० मध्ये, टीम फोर्ट्रेस २ या इतरांबरोबर खेळायच्या गेममध्ये दुकान उघडलं, टोप्या विकायला आल्या, किल्ली विकत घेऊन उघडायच्या आणि आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्या आल्या, आणि लोक त्यावर तुटून पडले. टीम फोर्ट्रेसमध्ये खेळताना तुम्हाला दिसतात ते आपले हात आणि बंदूक. आपल्या डोक्यावरची टोपी आपल्याला दिसत नाही. ती दिसते शेजारी धावणाऱ्याला, आणि ज्याला तुम्ही मारलंत त्याला. म्हणजे टोपी विकत तुम्ही घ्यायची, बघायची दुसऱ्यांनी. एवढं लक्षात घेतलं तरी 'तुला नको तर घेऊ नकोस' हे उत्तर किती अपुरं आहे ते कळतं. जी वस्तू दुसऱ्याच्या डोळ्यांसाठीच बनवली आहे, तिचा परिणाम माझ्या एकटीच्या खिशापुरता कसा राहील?

आता माझं. हो, मी पैसे घालवले आहेत. किती, ते सांगणार नाही. कमावते मी आहे, आणि कोणाचं देणं थकवून मी हे केलेलं नाही. चारचौघांत बरं दिसावं म्हणून माणसं काय काय करतात. ज्या चौघांत मी रोज रात्री दोन तास असते, त्यांच्यात बरं दिसावंसं मला वाटलं तर त्यात एवढं काय आहे? पण हेही खरं की मी पैसे जाताना मोजले नाहीत, आणि मोजले जाऊ नयेत अशीच ती सोय असते. आधी खऱ्या पैशांची गेममधली नाणी करायची. नाण्यांचा गठ्ठा हजाराचा, पोशाख बाराशेचा. दोन गठ्ठे घेतले की आठशे उरतात, आणि ती आठशे वाया जाऊ नयेत म्हणून पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा दुकानात.

पेट्यांची बाजू मी कधीही घेणार नाही. काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेममधली पेटी उघडताना बंदुकांची एक पट्टी सरसरत सरकते, टकटक आवाज करत मंदावते, सोनेरी खूण अगदी रेषेपर्यंत येते आणि एका घराने पुढे निघून जाते. थोडक्यात हुकलं असं वाटतं. हुकलेलं काही नसतं. काय मिळणार ते पट्टी सरकायच्या आधीच ठरलेलं असतं, पट्टी केवळ देखावा. चीनने २०१७ मध्ये पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, ते जाहीर करणं सक्तीचं केलं, तेव्हा आकडा बाहेर आला: चाकू किंवा हातमोजे, म्हणजे ती सोनेरी खूण, निघण्याची शक्यता ०.२६ टक्के. साधारण ३८५ पेट्यांमागे एक. २०१८ मध्ये बेल्जियमने अशा पैशांच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. ठीकच केलं. पण पेटीला जुगार म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. माझा विषय तिथे संपत नाही. ज्यात नशिबाचा काही भाग नाही, किंमत समोर लिहिलेली आहे, त्या साध्या सरळ पोशाखाबद्दल मला बोलायचंय.

आणि त्यासाठी २०१७ मधल्या मलाच आधी उत्तर द्यावं लागेल. त्या वर्षी स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या गेमवरून मोठा भडका उडाला. पैसे मोजून मिळणाऱ्या पेट्यांतून खेळात उपयोगी पडणारी ताकद मिळत होती, आणि डार्थ व्हेडरसारखं पात्र कुलपात होतं. ते खेळून उघडायला सुमारे चाळीस तास लागतील असा हिशोब खेळणाऱ्यांनी मांडला. कंपनीने आधी भाव उतरवले, मग गेम बाजारात येण्याच्या तोंडावर पैशांची खरेदीच थांबवली, आणि पुढच्या वर्षी ती परत आणली ती फक्त दिसण्याच्या वस्तूंसाठी. मी तेव्हा आनंदाने नाचले होते. 'ताकद विकू नका, रूप हवं तेवढं विका' असं मी चार मित्रांना तावातावाने पटवलं होतं. रूप म्हणजे निरुपद्रवी, हे मी तेव्हा गृहीतच धरलं. त्या मुलीवर मला आता राग येत नाही, पण तिने एकही प्रश्न का विचारला नाही, हे मला खरंच कळत नाही.

त्यानंतर जे झालं ते आता सांगते. गेमचं नाव सांगणार नाही, ते महत्त्वाचं नाही.

आमचा चौघांचा स्क्वाड होता, एकत्र खेळणारा गट. तीन वर्षं, जवळजवळ रोज. आम्ही एकमेकांचे चेहरे कधी पाहिले नाहीत, पण त्या तिघांचा श्वास माइकवर ऐकून कोण घाबरलंय ते मला कळायचं. चौथ्याची एक सवय होती. लॉबीत, म्हणजे मॅचआधी जमायच्या जागेत, आला की तो काही बोलायच्या आधी पात्राला दोनदा खाली बसवून उठवायचा. तो त्याचा नमस्कार. पुढे आम्ही सगळेच तसं करायला लागलो.

मग तो यायचा बंद झाला. एक महिना, दोन महिने. विचारलं तर 'कामात आहे' एवढंच. आम्ही चौथ्या जागी कोणी ना कोणी अनोळखी घेऊन खेळत राहिलो.

गेमचा सीझन, म्हणजे हंगाम, संपायला एक दिवस होता. वरच्या रँकला दोन विजय कमी होते. लॉबीत आम्ही तिघं उभे. माझ्या अंगावर तिसऱ्या सीझनचा पोशाख: काळा, लाल किनारीचा, खांद्यांवर पिसं. पात्राने मान वळवली की ती पिसं एकेक करून हलायची. तो पोशाख नंतर कधी दुकानात आलाच नाही, म्हणून ज्याला कळायचं त्याला कळायचं. चौथी जागा भरली. डिफॉल्ट, म्हणजे गेम सगळ्यांना फुकट देतो त्या कपड्यांतला. करडी पँट, मातकट शर्ट, पाठीला काही नाही. लेव्हल सहा. माइकवर कोणीतरी म्हणालं, "डिफॉल्ट आलाय." दुसरं म्हणालं, "गेली आज रँक." आवाजात दुष्टपणा नव्हता, पाऊस आला म्हणावं तसा सूर होता. काढायचं की ठेवायचं, याची मतदानाची चौकट उघडली. दहा सेकंद असतात.

त्या दहा सेकंदांत समोरचं ते करडं पात्र दोनदा खाली बसलं आणि उठलं.

मी ते बघितलं. बघितलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. मला वाटलं, नवखा आहे, कुठलं बटण कशाचं ते चाचपतोय. मी 'हो' दाबलं. करडं पात्र नाहीसं झालं, जागा भरली, आम्ही खेळलो. बदली आलेला खेळाडू चांगला होता. दोन्ही मॅच जिंकलो, रँक मिळाली. हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट सांगताना तो बदली आलेला कुचकामी निघाला असं सांगायचा मोह होतो. तसं झालं नाही.

रात्री आमच्या चौथ्याचा मेसेज आला. "तो मी होतो."

मी लगेच फोन लावला. त्याने जुनं अकाउंट बहिणीच्या हवाली केलं होतं, पासवर्ड बदलून. दुकानात त्याचे इतके पैसे गेले होते की महिनाअखेरीला तो लोकांकडे हात पसरत होता, आणि आमच्यापैकी कोणाला याची कल्पनाही नव्हती. उलट त्याच्या नव्या नव्या पोशाखांचं आम्ही कौतुक करत होतो. मी सगळ्यात जास्त. "त्या अकाउंटवर गेलो की हात आपोआप दुकानाकडे जातो," तो म्हणाला. म्हणून नवीन अकाउंट, कार्ड जोडलेलं नाही, काही विकत घ्यायचं नाही, फक्त आमच्याबरोबर खेळायचं. आम्हाला चकित करायचं म्हणून न सांगता आला होता.

"मी दोनदा बसलो होतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मला वाटलं कोणीतरी नवीन आहे, बटणं चाचपतोय."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नवीन कोणी असता, तर चाललं असतं?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं नाही याचा राग येऊन मी त्याला जे बोलले ते अजून सलतं. म्हटलं, "तुला फुकट खेळायला मिळतंय ते आमच्यासारख्यांच्या पैशांवर." वाक्य खोटं नाही. फुकट गेम चालतो तो विकत घेणाऱ्यांमुळेच. सर्व्हर, नवे नकाशे, सगळं त्यावर. पण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला फोन ठेवल्यावर सुचला. डिफॉल्ट शेजारी उभा असतो म्हणून माझी पिसं दिसतात. सगळ्यांनाच पिसं असती तर ती कोणी विकत घेतली असती? त्याचं करडं असणं हाही त्या दुकानातला माल आहे, आणि त्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. फोर्टनाइट या गेममध्ये तर 'डिफॉल्ट' ही शिवी झाली. लहान मुलं एकमेकांना ती देतात. ती शिवी कोणत्याही कंपनीने लिहून दिली नाही, मुलांनीच काढली. म्हणून मला कंपनीवर सगळं ढकलताही येत नाही.

माझ्या बाजूनेही काही आहे. चुरशीच्या मॅचला लेव्हल सहाचा अनोळखी खेळाडू नको वाटणं हा गुन्हा नाही. आणि पोशाखावरून अंदाज बांधता येतो, कारण काही पोशाख खरोखर खेळून मिळतात. पण कोणते? आमच्याच गेममध्ये पहिल्या सीझनला वरच्या रँकसाठी एक शिरस्त्राण मिळालं होतं, आणि वर्षभरात जवळपास तसंच, जरा वेगळ्या छटेचं, दुकानात आलं. आता समोरच्याच्या डोक्यावर घाम आहे की पैसा, ते जवळ जाऊन निरखल्याशिवाय कळत नाही, आणि लॉबीत निरखायला दहा सेकंद असतात. लेव्हलचा आकडा मी बघितला होता का? आठवून बघते तेव्हा मला आधी शर्ट आठवतो.

त्याला संयम नव्हता, चूक त्याची, असं म्हणणारे भेटतात. असेलही. पण २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, फोर्टनाइटच्या कंपनीला, एपिकला, याच कारणासाठी धरलं: बटणं अशी मांडली होती की वस्तू नुसती बघायला जाताना, किंवा झोपलेला गेम जागा करतानाही एका दाबात खरेदी होऊन जायची. साडेचोवीस कोटी डॉलर लोकांना परत करण्याचं ठरलं. पैसे परत येतात. माझ्या त्या 'हो'चं असं काही परत करता येत नाही.

तो आता पुन्हा आमच्यात खेळतो. करड्या पँटमध्येच. सुरुवातीला मी पण त्याच्यासाठी डिफॉल्ट घालून यायला लागले. दोन दिवस त्याने काही म्हटलं नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ते काढ. तुला हवं तेव्हा पिसं घालता येतात, म्हणून तुला हे शोभतंय." मी पिसं परत घातली. मला ती आवडतातही. मान वळवली की अजून बघत राहते. नव्या सीझनचा, पोशाख मिळवून देणारा विकतचा पास निघाला तेव्हा तो न घेण्याचं मी ठरवलं होतं, आणि चौथ्या दिवशी घेतला.

चौथी जागा रिकामी असते तेव्हा आता कोणीही आलं तरी मी दोनदा बसून उठते. बरेच जण नुसते उभे राहतात. परवा एकाने उलट दोनदा बसून दाखवलं. अंगावर करडा शर्ट होता. तो शर्ट मला त्याच्या बसण्याच्या आधी दिसला होता.