नोंद ७ : रीस्टार्टचं मूळ सापडलं, अन् नव्या पेटीचा बेत बदलला

काल संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी शेजारची पिठाची चक्की सुरू झाली, यूपीएसने (वीज पडली की कॉम्प्युटरला बॅटरीवर घेणाऱ्या डब्याने) टक्क केलं, ट्यूबलाइट मिणमिणली, आणि माझा डेस्कटॉप चालूच राहिला. आपोआप रीस्टार्ट व्हायची खोड लागल्यापासून, कुणाचा उसना भाग न लावता, दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी खुर्चीवरून उठून आईला आणि बायकोला हाक मारली. दोघी येऊन पाहून गेल्या. त्यांना पडद्यावर विशेष काही दिसलं नसेल, पण त्या पडद्यावर काहीच झालं नाही, हेच तर दाखवायचं होतं.

या नोंदींचा मूळ प्रश्न एकच: जुना डेस्कटॉप वाढवायचा की बदलायचा. सहाव्या नोंदीत कुठवर आलो होतो ते आठवत असेल. आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, २४० जीबीचा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी जलद साठवण), आणि डीडीआर३ रॅमचे ८-८ जीबीचे दोन नग. बोर्डावर दोनच खाचा आणि कमाल १६ जीबी, म्हणजे रॅमचा विषय संपला. एच६१ ला साटा, म्हणजे एसएसडीची जोडणी, ३ गिगाबिटच्या पुढे जात नाही, तरीही मशीन २२ सेकंदांत उभं राहायला लागलं होतं. मी खूश होतो. आणि त्याच आठवड्यात ते आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं.

तुमच्यापैकी तिघांनी रॅमवर बोट ठेवलं. माझाही संशय तिथेच होता, कारण नवीन काय आलं तर तेच. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवला, चार फेऱ्या, एकही चूक नाही. नग एकेक करून लावले, खाचा बदलल्या, फरक शून्य. मग उष्णतेकडे वळलो. आमच्या पुढच्या खोलीत दिवाळीपासून चांगल्या दराची वाट पाहत कापूस भरून असतो, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. प्रोसेसरवरचा कूलर उघडला तर पंख्याच्या खाली, पात्यांमध्ये, रुईचा चक्क नमदा तयार झाला होता. चिमट्याने धरून ओढला तर अख्खा चौकोनी तुकडा बाहेर आला, वातीसाठी ठेवावा असा. ब्रश मारला, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावली. पूर्ण लोडवर ९४ वरून ६३ अंशांवर. हा आनंद खरा होता आणि तो मी दोन दिवस पुरवून पुरवून घेतला. तिसऱ्या दिवशी पुन्हा रीस्टार्ट.

तेव्हा मी वही केली. प्रत्येक रीस्टार्टची वेळ, तेव्हा काय चालू होतं, मीटरवर व्होल्टेज किती. अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ संध्याकाळी सहा ते सातच्या मधल्या. मी त्या आकड्यांकडे बघत बसलो असताना आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "चक्की सुरू झाली का तुयं कॉम्प्युटर मरते, हे मले तर कधीचं दिसून रायलं."

"मंग आधी काऊन नाही सांगितलं वं माय?"

"तू इचारलं कुठी?"

तिचं बरोबर होतं. मोठी मोटर सुरू होताना पहिला क्षणभर नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. विजेच्या लाइनच्या आमच्या शेवटच्या खांबावर आधीच हरभरा-गव्हाला पंपाने पाणी द्यायच्या दिवसांत १७५-१८० व्होल्ट येतं. त्यात चक्कीने ओढ घेतली की ते क्षणभर खोल जातं. यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, आणि त्या उडीत मशीन मरतं.

मग अर्थातच यूपीएस दोषी, असं मी धरलं. बॅटरी जुनी होतीच, नवी १२ व्होल्ट ७ एएचची आणली. फरक नाही. यूपीएसवर ६० वॅटचे दोन बल्ब लावून प्लग ओढून पाहिला, बल्ब सुरळीत. इथे मी फसलो, म्हणून हे नीट लिहितो. साध्या यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, साधारण दहाच्या आत. बल्बची तार तेवढ्यात गार होत नाही, म्हणून डोळ्याला खंड दिसतच नाही. बल्ब चालला म्हणजे यूपीएस भार उचलतो एवढंच कळतं. मधली फट कॉम्प्युटरला पेलवते की नाही, हे बल्ब सांगू शकत नाही. ही फट पेलण्याचं काम एसएमपीएसचं, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचं आहे. त्याच्या पोटातल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये जो साठा असतो त्यावर मशीनने ती फट काढायची. माझ्यासारख्या जुन्या एसएमपीएसला लागू असलेल्या एटीएक्सच्या (डेस्कटॉपच्या भागांचं ठरलेलं प्रमाण) नियमाप्रमाणे पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंदांचा साठा हवा.

पुलगावच्या मित्राकडून त्याचं एसएमपीएस एका दिवसासाठी मागून आणलं. संध्याकाळी चक्की सुरू, यूपीएस टक्क, मशीन चालू. पाच वेळा मुद्दाम प्लग ओढला, पाचही वेळा चालू. माझं परत लावलं, पहिल्याच ओढीला मेलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते तुम्ही सगळे ओळखाल.

माझं एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटसोबत फुकट आलेलं, लेबलवर ४५० वॅट आणि हातात घेतलं तर रिकाम्या डब्याएवढं. उघडलं. (प्लग काढून एक रात्र जाऊ दिली, मगच. आतल्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट डीसी असतं, ते हलक्यात घेऊ नका, आणि आधी मीटरने पाहिल्याशिवाय बोट आत घालू नका.) २०० व्होल्ट ३३० मायक्रोफॅरॅडचे दोन मोठे कंडेन्सर. एकाचं डोकं फुगून घुमटासारखं झालेलं, दुसऱ्याच्या बुडाशी तपकिरी डिंकासारखा थर. तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे कंडेन्सर मोजायचं मीटर आहे. त्यांनी दोन्ही सोडवून मोजले: एक ११८, दुसरा १४०. "भाऊ, हे तं पार वाळले," म्हणाले.

आता गंमत बघा, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. कंडेन्सरमधला साठा व्होल्टेजच्या वर्गावर जातो. २३० च्या जागी १७५ व्होल्ट आलं, म्हणजे पाऊणपट, तर साठा पाऊणपट राहत नाही. तो ५८ टक्क्यांवर येतो. त्यात कंडेन्सरच निम्म्याहून खाली वाळलेले. म्हणजे संध्याकाळी माझ्या एसएमपीएसकडे मूळ साठ्याचा जेमतेम पाचवा भाग उरत होता. दुपारी २२० व्होल्ट असताना तेच मशीन व्यवस्थित चालायचं, म्हणून मी दोन महिने भलतीकडे शोधत राहिलो. रॅम आणि एसएसडी त्याच आठवड्यात आले हा निव्वळ योगायोग, ती पाण्याची पाळी होती.

एसएमपीएसची निवडही यावरूनच ठरली. ॲक्टिव्ह पीएफसी (आत येणारी वीज सुधारून घेणारं सर्किट) असलेलं एसएमपीएस आधी व्होल्टेज चढवून साधारण ३८० ते ४०० व्होल्ट डीसी करतं आणि मग साठवतं. बाहेर १७५ असो की २३०, आतला साठा सारखाच. आपल्यासारख्या शेवटच्या खांबावरच्या माणसाला ८० प्लस ब्रॉन्झच्या, म्हणजे कमी वीज वाया घालवण्याच्या, ठप्प्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे. फक्त एक बघा: डब्यावर 'इनपुट १००-२४०' लिहिलेलं हवं. स्वस्तातल्या पुष्कळांवर २००-२४० असतं, ते १७५ ला काय करील याचा भरवसा नाही. नागपूरला बर्डीवर तीन दुकानं फिरलो. पहिल्या दोघांनी वॅट आणि आरजीबी (रंगीत दिवे) सांगितलं. इनपुट व्होल्टेज विचारल्यावर डबाही उलटा केला नाही. तिसऱ्या दुकानातल्या पोराने स्वतः काच पुसून लेबल वाचून दाखवलं. त्याच्याकडूनच घेतलं, ५५० वॅटचं, ३६०० रुपयांना. दोनशे जास्त गेले असतील, जाऊ द्या, मी पुढेही त्याच्याकडेच जाणार.

एक धाकधूक होती. ॲक्टिव्ह पीएफसीचं आणि आपल्या साध्या यूपीएसच्या चौकोनी लहरीचं कधी कधी पटत नाही, असं आपल्यातच दोघांनी अनुभवलं आहे. माझ्याकडे बॅटरीवर गेल्यावर यूपीएस जरा जास्त घूं घूं करतो, पण टिकतो. सात मिनिटं चालवून पाहिलं.

आता दुसरी गोष्ट, जी या सगळ्यात सहज सापडली. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, वर्षभरापासून. मी चप्पल घालून बसायचो आणि विसरून जायचो. मीटर हातात होतंच म्हणून कॅबिनेट ते नळाचा लोखंडी पाइप मोजलं: १०८ व्होल्ट एसी. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले दोन छोटे कंडेन्सर फेज आणि न्यूट्रलमधून अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंगच नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे निम्म्या व्होल्टेजवर. करंट अगदी थोडा असतो, पण लेक अनवाणी बसते त्या खुर्चीवर.

वायरमन भाऊंना बोलावलं. घरातली वायर ठीक निघाली. गोठ्यामागचा अर्थिंगचा पाइप पाहिला तर काळ्या मातीला भेग पडून पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट झाली होती. एप्रिलमध्ये आमची जमीन अशीच फाटते, आणि पाइप मातीला शिवतच नव्हता. भाऊंनी फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब धरून दाखवला (हे त्यांचं काम, आपण करू नये): नुसता लालसर. मग खड्डा रुंद केला, कोळसा आणि मीठ थरावर थर भरलं, चार बादल्या पाणी. संध्याकाळी तोच बल्ब पांढरा पेटला. कॅबिनेटवर आता २ व्होल्टसुद्धा नाही. आईने रोजचं धुण्याचं पाणी तिकडे सोडायला नाली काढून दिली आहे.

आता मूळ प्रश्न: वाढवायचं की बदलायचं. गेल्या नोंदीत मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं की इंटेलच्या आठव्या पिढीची रिफर्ब (वापरलेली, नीट करून विकलेली) पेटी घ्यायची. आय५-८५००, सहा कोर, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, १५ हजारांचा भाव मिळाला होता. पेटी दिसायलाही छान. पण ती छोटी ऑफिसची पेटी. आतलं एसएमपीएस चांगलं असतं, मात्र आकार आणि पिना त्या कंपनीच्याच. जळलं तर आर्वीत मिळणार नाही, वर्ध्यातही नाही, मागवून आठ दिवस. दोन महिने एसएमपीएसच्या मागे घालवल्यावर मला आता अशी पेटी नको, जिचं एसएमपीएस मित्राकडून एका दिवसासाठी मागून आणता येत नाही. शिवाय हीच पेटी मी फेब्रुवारीत आणली असती तर अर्थिंग नसलेल्या त्याच प्लगला लावली असती.

पूर्ण नवीन घ्यायचं तर एएमडीचा ५६००जी प्रोसेसर डोळ्यांसमोर आहे. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की नुसत्या १६ जीबीचा आकडा ऐकून मी फोन ठेवला.

मग उरतो आय७-३७७०, माझ्याच पिढीचा वरचा प्रोसेसर. त्याच बोर्डात बसतो, चार कोरांना आठ थ्रेड, वॅट तेवढेच ७७. जुना ३००० पर्यंत मिळतोय आणि ही नोंद लिहायला बसलो तेव्हा तो घ्यायचं पक्कं होतं. मला वेग हवा तो फक्त व्हिडिओला. आमच्या भजनी मंडळाची खंजिरी भजनं मी रेकॉर्ड करून केडेनलाइव्हमध्ये (व्हिडिओ संपादनाचा प्रोग्राम) कापतो, आणि १२ मिनिटांचं एक भजन बाहेर पडायला ३१ मिनिटं लागतात.

हे वाक्य लिहिताना डोक्यात आलं की ३४७० च्या एचडी २५०० ग्राफिक्समध्ये क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ तयार करायचं वेगळं हार्डवेअर, आहे आणि मी ते कधी वापरलंच नाही. लिहिणं थांबवलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून बाजूला लिनक्स मिंट २२ टाकून ठेवलंच आहे. त्यात हे हार्डवेअर वापरायला या पिढीला आय९६५ चा व्हीए ड्रायव्हर लागतो, नवा आयएचडी चालत नाही. यातच अर्धा तास गेला. मग केडेनलाइव्हमध्ये व्हीएएपीआयचा (तेच हार्डवेअर वापरणारा) प्रीसेट निवडून तेच भजन सोडलं. १७ मिनिटं! खंजिरीच्या जलद हातावर चित्र किंचित फुटतं, म्हणून बिटरेट वाढवून पुन्हा केलं, १८. मंडळींना दाखवायला पुरेसं आहे.

म्हणजे ३७७० सध्या रद्द. ते ३००० रुपये बोर्डासाठी बाजूला. रॅमचे भाव उतरले की एएम४ (५६००जी बसतो ते) बोर्ड, ५६००जी आणि रॅम एवढंच घ्यायचं. एसएमपीएस, एसएसडी, कॅबिनेट आहे तेच. तोवर विंडोज १० ची बाजू वाढीव सुरक्षा-अपडेटच्या मुदतीपर्यंत, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, फक्त प्रिंटरसाठी ठेवतोय. जुना लेझर प्रिंटर मिंटवर एक पान छापतो आणि मग गप्प बसतो. बायकोच्या बचत गटाचे कागद त्यावरच निघतात, म्हणून तो सोडवणं आता पहिलं काम. ज्यांनी असा प्रिंटर लिनक्सवर दुसऱ्या पानापलीकडे नेला आहे त्यांनी कोणती पायरी आधी केली ते कळवा.

फुगलेलं एसएमपीएस काकांकडेच आहे. नव्वद रुपयांत दोन नवीन ३३० चे कंडेन्सर टाकून देतो म्हणालेत. ते मी मशीनला लावणार नाही. टेबलावर १२ व्होल्टचे पंखे तपासायला ठेवीन. आता चक्कीची वेळ झाली, आजही वहीत लिहायचंय. १७८ व्होल्ट आहे.